अक्कांच्या परसातली फोडशी

फोन आला तेव्हा मी घोडेगावला पंचायत समितीच्या सभागृहात, शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बसले होते. पुढं एक साहेब तळमळून काहीतरी सांगत होते आणि मी वहीच्या शेवटच्या पानावर बाजारची यादी करत होते, खोटं कशाला बोलू? मोबाइल थरथरला. पुतण्या, संतोष. "काकू, आई गेली..." एवढंच म्हणाला. आणि मी अगदी सहज विचारलं, "कुठं गेली?" कारण अक्का कुणाला न सांगता जायच्याच कुठं कुठं, कधी ओढ्याला, कधी कुणाच्या बांधाला... पलीकडून नुसता हुंदका आला, तेव्हा मला कळलं. सकाळी अकरापर्यंत परसात खुरपत होत्या म्हणे. आत आल्या, चहा घेतला, "जरा पाठ टेकते" म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या त्या झोपल्याच. भाद्रपद होता. आता दिवाळी होऊन गेली, लोकांचं भेटायला येणं थांबलं आणि मला आत्ता कुठं रडू यायला लागलंय.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, हौसाबाई. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. मी एक्क्याण्णव साली जुन्नरहून लग्न होऊन आले ती डी.एड. होऊन, हातात घड्याळ आणि नाक वर. हे नोकरीला नारायणगावला, आठवड्यातून एकदा यायचे. घर एकच, चुली दोन आणि मागं दोघींत मिळून एक परस. मला तिथं गुलाब हवे होते, मोगरा हवा होता, कडेनं विटा तिरक्या लावून चुन्यानं रंगवायच्या होत्या. अक्कांना काय हवं होतं ते मला बरेच दिवस कळलंच नाही, कारण त्यांच्या अर्ध्या परसात मला नुसतं रान दिसायचं. आपल्या मुलांना पाचवीत 'परिसर अभ्यास' शिकवणारी बाई मी, आणि घराच्या मागं काय उगवलंय ते मला ओळखता येत नव्हतं. अक्का मला 'मास्तरीण' म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्यांच्या भुवईवरून ओळखायचं.

तणाशी अक्कांचं नातं जुन्या सासू-सुनेसारखं होतं, रोजचं भांडण, पण एकमेकींवाचून करमायचं नाही. खुरपायला बसल्या की पुढ्यात एक टोपली आणि मागं एक ढीग. घोळ, तांदुळजा, चिवळ, कुरडूचे कोवळे शेंडे, पाथरी टोपलीत. केना म्हशीला. घोळ उपटून नुसती बांधावर टाकली तर पडल्या जागी पुन्हा जीव धरते, म्हणून "तिला पातेल्यातच घालावी, तितंच ती गप ऱ्हाते" असं त्यांचं शास्त्र. लव्हाळा ओढायचा नाही, खाली गाठीपर्यंत खणायचा, नाहीतर एकाचे पाच होतात. गाजरगवताला फूल दिसायच्या आत काढायचं, हाताला पिशवी बांधून. आणि बी धरलेलं काहीही उकिरड्यात टाकायचं नाही. "आपल्याच हातानं शेणखतातनं रानात पेराया हौस हाये व्हय?" अशा करवादायच्या. कोकणातून मेंढरं घेऊन परतणारी ठकूबाई आमच्या रानात दोन रात्री कळप बसवायची, म्हणजे रानाला खत आणि तिला दोन पायल्या बाजरी. त्या मेंढरांच्या लेंड्यांतून कुठलं कुठलं बी यायचं. मग अक्का तिला हटकून विचारायच्या, "ठके, औंदा कोकनातनं कंचं बेनं आनलंस गं?" दोघी पोट धरून हसायच्या. मला त्यात हसण्यासारखं काय असतं, ते समजायचं नाही.

एकदा शाळेतल्या बायकांना मी जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरीचा बेत. मी पुऱ्या लाटत होते, तेवढ्यात अक्कांनी मायेनं आपल्या चुलीवरची घोळीची भाजी आणून प्रत्येकीच्या ताटात वाढली. पैकी एकीनं विचारलं, "ही कुठली हो पालेभाजी?" आणि अक्का मोकळेपणानं म्हणाल्या, "ही? खुरपलेली हाये. परसातलं तण." सगळ्या हसल्या. भाजी सगळ्यांनी मागून घेतली, हेही खरं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या गेल्यावर मी भांडले. "पाहुण्यांना तण खायला घालता?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "मंग? तुला बी घालते की रोज. तू मेलीस का?" मी पाय आपटत आत निघून गेले. किती मूर्ख असतो नाही आपण त्या वयात...

अक्कांचं माहेर डिंभ्याच्या वर, घोड नदीच्या काठाला. धरणाचं पाणी चढायला लागलं तसा त्यांच्या भावाचा बाडबिस्तरा हलला. शेवटचं म्हणून अक्का जाऊन आल्या. मला वाटलं, आईचं एखादं पितळेचं भांडं, जातं, काहीतरी आणतील. एसटीतून उतरल्या त्या काखेत ओलं गोणपाट घेऊन. त्यात कंद-मुळ्यांसकट गवताचे गड्डे. "फोडशी हाये," म्हणाल्या, "आयेच्या परसातली." परसाच्या वरच्या अंगाला दगडांची कड होती, तिथं त्यांनी ती एकेक गड्डा करून लावली. फोडशी तशी डोंगरउताराची भाजी. मृग झाला की वर येते आणि दिसते हुबेहूब गवतासारखी. मधला निबर दांडा काढून, पानं चांगली धुऊन, बारीक चिरून, लसूण आणि मूगडाळ घालून अक्का ती करायच्या. पहिल्या वर्षी अगदी मूठभर आली. दुसऱ्या वर्षी वाटीभर भाजी झाली आणि ती त्यांनी एकट्यानं, चुलीपुढं, कुणाशी न बोलता खाल्ली. मला दिली नाही. अक्कांनी एखादी गोष्ट मला दिली नाही, असं ते एकदाच.

तिसऱ्या वर्षी, मृग होऊन पंधरा दिवस झाले होते. अक्का भाचीच्या बाळंतपणाला गेलेल्या. आमच्याकडं सत्यनारायण ठरला होता आणि शाळेतले सगळे यायचे होते. मी परसात उभी राहिले आणि मला ते जेवण आठवलं, त्या बायकांचं हसणं आठवलं. उसाच्या बांधावर मारून उरलेलं गवताचं औषध सोप्यात होतं. पाठीवरचा पंप मी स्वतः घेतला. कुणाला सांगितलं नाही, गड्याला बोलावलं नाही. माझ्या गुलाबांना जुनी साडी पांघरली आणि अक्कांच्या अर्ध्या परसात ओळीनं मारत गेले, घोळीवर, कुरडूवर, धोतऱ्यावर आणि वरच्या कडेच्या त्या 'गवता'वरसुद्धा. फोडशी तिथं आहे हे मला ठाऊक होतं. पण गवतात गवत दिसत होतं हो, मला ते वेगळं काढता आलं नाही. वेगळं काढायला मी वाकलेसुद्धा नाही, हे जास्त खरं.

आठवड्यानं सगळं पिवळं पडलं, मग तपकिरी. पूजा झाली. परस छान मोकळं दिसतंय, असं दोघी-तिघी म्हणाल्या. त्या वर्षी ठकूबाईला कोकणातून निघायला उशीर झालेला. तिचा कळप पूजेनंतर आला, मागच्या रानात दोन रात्री बसला आणि पुढं गेला. दुसऱ्याच दिवशी अक्का आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली आणि आधी परसात गेल्या. मी दारात उभी. त्या वरच्या कडेला बसल्या, एक वाळलेला गड्डा उपटला, मूळ बोटानं दाबून पाहिलं. ते कुजलं होतं. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. आणि माझ्या तोंडून, दहा वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणाऱ्या माझ्या तोंडून, निघून गेलं, "मेंढरं शिरली होती अक्का. ठकूबाईची." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाल्या. हात झाडले आणि चूल पेटवायला गेल्या.

कंद मुळापासून गेले होते. पुन्हा काही वर आलं नाही. आणि ते जिथून आणले होते तिथं आता पाणी होतं.

खोटं बोलून मोकळं होता येत नाही, त्याला पाय फुटतात. दिवाळीनंतर ठकूबाई कोकणाच्या वाटेवर आली, तेव्हा माझ्या थोरल्या दिरांनी, त्यांना आम्ही दादा म्हणतो, तिला रानाच्या कडेलाच अडवलं. "परसात मेंढरं घालता, पुन्हा आमच्या रानात बसायचं नाय." ठकूबाई तोंडाला पदर लावून उभी. तिला काही कळेना. मी खिडकीत, हातात कणीक. आता बोलावं, आता बोलावं असं होत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. तेवढ्यात अक्का बाहेर आल्या आणि दादांना म्हणाल्या, "तिला कशापायी बोलताय? जाताना परसाचं फाटक म्याच उघडं टाकलं व्हतं. माजी चूक हाये." दादा मग अक्कांवर घसरले. चार माणसांत, नको नको ते बोलले. अक्का खाली मान घालून ऐकत राहिल्या आणि ठकूबाईची मेंढरं रानात बसली. मला वाटलं, अक्कांना खरंच वाटतंय की फाटक त्यांनीच उघडं ठेवलं. म्हणजे मी फोडशी मारली, आळ ठकूबाईवर घातला आणि पाप चढलं अक्कांच्या डोक्यावर.

फोडशी गेली त्या पावसाळ्यापासूनच मी परसात त्यांच्याजवळ बसायला लागले होते. शाळेतून आले की साडी खोचायची आणि खुरपं घ्यायचं. दिवाळीनंतर तर एक दिवस चुकवला नाही. मनात एकच, अक्कांचं काहीतरी फेडायचं. आधी अक्कांनी माझ्यावरून आपली खूप करमणूक करून घेतली. एकदा मी ओंजळभर चिवळ निवडून मोठ्या ऐटीत दिली. त्यांनी त्यातली एक काडी मोडली, पांढरा चीक आला. "ही चिवळ न्हाई, इखारी दुधी हाये. कर भाजी हिची आन् उद्या शाळंला सुट्टी दे." मग मी पाठ केलं, चीक आला की टाकून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पाथरीतून चीक आला, म्हणून मी ती ढिगात फेकली. अक्कांनी कपाळाला हात लावला. "आगं, ती खात्यात!" "तुम्हीच म्हणालात ना, चीक असला की नाही?" "सगळ्या पोरांना एकच छडी लावतीस व्हय गं वर्गात? येकेकाचं तोंड बगून वळखायचं असतं." हे वाक्य मी पुढं प्रशिक्षणांमध्ये स्वतःचं म्हणून दोनदा वापरलंय. अक्का, हेही तुमच्याकडून चोरलेलंच.

दोनेक वर्षांनी मी त्यांना म्हटलं, "चला, वर जाऊन फोडशी आणू." आहुप्याच्या गाडीत बसलो. त्या गाडीचा भरवसा काय सांगावा, आली तर आली. वाटेत पाण्याच्या वर एका वळणाला उतरलो. चढाला सगळीकडं फोडशी होती, हिरवीगार, आणि मला ती आता ओळखता येत होती. अक्कांनी खाली पाण्याकडं बोट केलं. "त्या टेपाडाच्या अलीकडं आमचं परस व्हतं बग." मला नुसतं पाणी दिसत होतं. त्यांना दिसत असावं. मग खाली बसून पानं तोडायला लागल्या. मी खुरपं काढून कंद उकरायला घेतले, तर त्यांनी माझा हात धरला. "नको. हाये तितं ऱ्हाऊ दे. मला खायाची व्हती, तेवढी घेतली." "परसात लावू ना अक्का." "आयेच्या परसातली व्हती ती गेली. ही डोंगराची हाये." मी खुरपं खाली ठेवलं. म्हटलं, "अक्का, मला तुम्हाला एक सांगायचंय..." आणि वरच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. परतीची गाडी एकच. आम्ही दोघी म्हाताऱ्या शेळ्यांसारख्या धडपडत रस्त्यावर आलो, गाडी थांबली, गर्दीत मी पुढं आणि त्या मागं. घरी आल्यावर फोडशीची भाजी झाली. या वेळी त्यांनी मला वाढली, दोनदा वाढली. मी खाल्ली. बोलले मात्र नाही.

मग राहूनच गेलं. वर्षं कशी जातात बघा, त्यात रोज संध्याकाळी दीड तास आम्ही शेजारी शेजारी बसत होतो आणि तेवढं एक वाक्य माझ्याच्यानं होत नव्हतं. माहेरचं, पोरांचं, संतोषच्या लग्नाचं, दादांच्या तिरसटपणाचं, सगळं बोलून झालं. शाळेतलं राजकारण त्यांना तोंडपाठ होतं. मुख्याध्यापकांचं नाव त्यांनी 'लव्हाळा' ठेवलं होतं, वरून कितीही ओढा, खाली गाठ शाबूत. सख्ख्या बहिणीशी बोलले नाही एवढं मी अक्कांशी बोलले. दर दिवाळीला ठरवायची, या वर्षी सांगायचंच. मग वाटायचं, आता कशाला जुनं उकरायचं, बरं चाललंय. आणि भाद्रपदात त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

परवा ठकूबाई आली. कोकणाच्या वाटेवर होती, तिला कुणी कळवलेलंच नव्हतं. ओट्यावर बसून मोकळ्या गळ्यानं रडली. मी चहा दिला, तो तिच्या हातातच गार झाला. मग माझ्यानं राहवेना. अक्कांना सांगायचं राहिलं, निदान हिला तरी सांगावं. तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "ठकूबाई, त्या वर्षी परस तुमच्या मेंढरांनी नव्हतं खाल्लं. मी औषध मारलं होतं. तुमच्यावर आळ घातला मी..." तिनं डोळे पुसले. "आवो बाई, ते आमाला तवाच म्हाईत झालंय की."

ती सांगायला लागली. "तुमच्या दादांनी मला अडवलं ना, त्याच दिशी अक्का रानात येऊन बसली माज्यापाशी. म्हनली, 'ठके, परसात धोतरा बी वाळला व्हता गं. तुजं मेंढरू धोतरा खाईल व्हय? आन् लेंडी एक न्हाई कुटं. मास्तरनीनं औषिद मारलंय.' म्या म्हनले, मंग इचार की तिला, माज्यावर कशापायी आळ? तर म्हनली, 'आळ म्या घेतला न्हवं माज्यावर? तिला नगं इचारू. धा वरसं झाली लगीन हून, कंदी माज्याजवळ येऊन बसली न्हाई. आता रोज येती. चुकलीया म्हनून येती, कळतंय मला. खरं काडलं तर लाजंल आन् पुन्यांदा घरात जाऊन बसंल. येतीया, तर येऊ दे.'"

मला काय वाटलं ते कसं सांगू? इतकी वर्षं मी प्रायश्चित्त म्हणून बसत होते आणि त्यांना फक्त सोबत हवी होती. आईच्या परसातली शेवटची फोडशी माझ्या हातानं गेली, त्याच्या बदल्यात त्यांनी मला ठेवून घेतलं. आणि मी ते एक वाक्य गिळत राहिले म्हणूनच रोज गेले, हेही त्यांनी बरोबर ओळखलं होतं. सगळी झाडं ओळखणारी बाई, तिला मी ओळखता येणार नव्हते होय? अक्का, एकदा विचारायचं होतंत हो. मी लाजले असते, रडले असते, पण दुसऱ्या दिवशी आले असते. खरंच आले असते... का नसते आले? तुम्ही असतात तर सांगितलं असतंत.

काल संध्याकाळी मेथीच्या वाफ्यात खुरपायला बसले. दोघी-तिघी खुरपायला बसल्या की प्रत्येकीनं आपल्यापुढचा पट्टा धरून सरकायचं, त्याला आमच्याकडं पात म्हणतात. माझी पात काढून झाली. शेजारचा पट्टा तसाच होता, त्यात तांदुळजा गुडघ्याला लागेल एवढा वाढलेला. संतोषची बायको मागच्या दारातून म्हणाली, "काकू, तेवढं राहिलंय की. मी काढू का?"

"नको," म्हटलं. "ती अक्कांची पात आहे."